फील्डमधली एम-टू-एम (मशीनने मशीनशी बोलायची) डिव्हाइस हॅक झाली तर काय, याचा प्लॅन तुम्ही लोक कसा लिहिता?

टाकी_टेलिमेट्री (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमची छोटी टीम आहे, पाण्याच्या टाक्या आणि पंपांचे कंट्रोलर बनवतो. टाकीवर लेव्हल सेन्सर, लांब कुठेतरी पंपाचा कंट्रोलर, मध्ये आमचा सर्व्हर, आणि माणूस कुठेच नाही. म्हणजे टाकी भरली की सेन्सर सर्व्हरला सांगतो, सर्व्हर पंपाला बंद हो म्हणतो, बस. सगळं सिमकार्डवर, एमक्यूटीटी (छोटे मेसेज नेण्याची पद्धत), वरून टीएलएस (त्याचं एन्क्रिप्शन). हजारोंच्या घरात डिव्हाइस बसलीत आणि त्यातली बरीच अशा जागी की माणूस पाठवायचा तर दिवस जातो.

आता एका नवीन ग्राहकाने लांबलचक प्रश्नावली पाठवलीय. "तुम्ही सुरक्षित कसे" वाले प्रश्न भरून झाले, ते सोपे होते. पण एक प्रश्न असाय की सुरक्षा फेल झाल्यावर तुमची योजना काय. साहेब म्हणतात सिक्युअर बूट (सही जुळलेलं सॉफ्टवेअरच चालू होतं) आहे, एन्क्रिप्शन आहे, लिहून टाक फेल होणारच नाही. मला ते पटत नाही पण मी स्वतः लिहायला बसलो की "पासवर्ड बदलू, पॅच सोडू, ग्राहकाला कळवू" याच्या पुढे गाडी जात नाहीये. ऑफिसच्या आयटीचा इन्सिडंट प्लॅन बघितला तर त्यात पहिलीच पायरी "बाधित मशीन नेटवर्कमधून काढा". लॅपटॉपला ठीक आहे हो, पण पंप नेटवर्कमधून काढला तर टाकीचं काय? कोणी असा प्लॅन खरंच लिहिलाय का?

---

स्काडा_जुना

"पंप काढला तर टाकीचं काय" हेच तुमच्या प्लॅनचं पहिलं पान आहे, तुम्ही अर्धं लिहिलंयच. हॅकर कोण, कसा आला, कुठला मालवेअर, हे नंतर बघा. आधी प्रत्येक डिव्हाइसबद्दल एवढंच विचारा की हे गप्प झालं तर काय, खोटं बोलायला लागलं तर काय, आणि दुसऱ्याचंच ऐकायला लागलं तर काय.

गप्प होण्याचं चांगलं उदाहरण म्हणजे २०२२ च्या फेब्रुवारीतला केए-सॅट सॅटेलाइट नेटवर्कवरचा हल्ला. युक्रेनवर आक्रमण सुरू झालं त्याच दिवशी. हल्लेखोर नीट कॉन्फिगर न केलेल्या व्हीपीएनमधून मॅनेजमेंट नेटवर्कमध्ये शिरले आणि तिथून मोडेमना कमांड देऊन त्यांची फ्लॅश मेमरीच खराब करून टाकली. त्यात जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचा रिमोट कंट्रोल गेला, ज्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता. पण पवनचक्क्या थांबल्या नाहीत, स्वतःच्या लोकल ऑटो मोडवर फिरत राहिल्या, वीज बनत राहिली, फक्त लांबून दिसेना. हे आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेलं होतं म्हणून. तुमच्या पंपाला सर्व्हर दिसेनासा झाला तर तो आत्ता काय करतो? शेवटची कमांड धरून बसतो का? "चालू" ही शेवटची कमांड असेल तर मग बघायलाच नको.

खोटं बोलणं जास्त वाईट, कारण अलार्म वाजत नाही. इराणच्या अणुप्रकल्पात शिरलेल्या स्टक्सनेट या मालवेअरने हेच केलं, सेंट्रिफ्यूज भलत्याच वेगाने फिरत होते आणि स्क्रीनवर आधी रेकॉर्ड केलेले नॉर्मल आकडे. तुमच्याकडे उपाय फार महाग नाही. पंप चालू आहे, मोटर करंट घेतेय, तर लेव्हल वाढलीच पाहिजे. अर्धा तास झाला आणि आकडा हललाच नाही तर एकतर पाइप फुटलाय नाहीतर सेन्सर बिघडलाय नाहीतर कोणीतरी खेळतंय. तिन्ही वेळी पंप थांबवून माणसाला बोलवायचंच आहे, तेव्हा हॅक आहे की बिघाड हे ओळखायच्या नादात पडूच नका.

आणि दुसऱ्याचं ऐकण्याबद्दल: काही गोष्टी फर्मवेअरच्या (डिव्हाइसच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) हातात देऊच नका. टाकीच्या वरच्या टोकाचा फ्लोट स्विच सॉफ्टवेअरमधून वाचत बसण्याऐवजी सरळ कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलच्या सिरीजमध्ये टाका (अर्थात टाकी आणि पंप जवळ असतील तिथे, लांब असतील तर पंपाच्या पॅनलमध्ये कमाल रनटाइमचा वेगळा टायमर रिले). ड्राय रन (पाण्याशिवाय पंप चालणं) प्रोटेक्शन वेगळं, मोटर तासात किती वेळा स्टार्ट होऊ शकते त्यावर लोकल मर्यादा. मग सर्व्हर पूर्ण हल्लेखोराच्या ताब्यात गेला तरी त्याला जास्तीत जास्त पाणी बंद ठेवता येईल, मोटर जाळता येणार नाही.

जाता जाता, पॅनलवर ऑटो-मॅन्युअल सिलेक्टर आहे ना? खर्च वाचवायला काढला नसेल अशी आशा. २०१५ च्या डिसेंबरमध्ये युक्रेनच्या वीज कंपन्यांवर हल्ला झाला, सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले, पण काही तासांत वीज आली कारण कर्मचारी सबस्टेशनवर जाऊन हाताने ब्रेकर टाकू शकत होते. सबस्टेशनमधल्या सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टरचं फर्मवेअर मात्र हल्लेखोरांनी उडवलं होतं, त्यामुळे वीज आली तरी रिमोट कंट्रोल लगेच परत आला नाही.

---

बूटलोडर_बाई

वरचं सगळं बरोबर. मी फर्मवेअरच्या बाजूने बोलते. तुमच्या "पॅच सोडू" या दोन शब्दांत मोठा खड्डा आहे. पॅच सोडणार कशावरून? त्याच सर्व्हरवरून, त्याच सिमवरून, त्याच सायनिंग कीने (फर्मवेअर आपलंच आहे अशी सही करायची गुप्त की). आणि हॅक झालंय म्हणजे यातलंच काहीतरी गेलेलं असणार. ज्या रस्त्याने दुरुस्ती पाठवायची तोच रस्ता हातचा गेलेला असतो, म्हणून प्लॅनमधला निम्मा भाग डिव्हाइस कारखान्यातून बाहेर पडायच्या आधीच त्याच्या आत बसवलेला लागतो, नंतर डॉक्युमेंटमध्ये काहीही लिहा.

सायनिंग की चोरीला गेली असं समजा. डिव्हाइसमध्ये एकच पब्लिक की (ती सही तपासणारी) भाजलेली असेल तर खेळ संपला, प्रत्येक ठिकाणी माणूस पाठवा. त्यामुळे बूटलोडरमध्ये (डिव्हाइस चालू होताना पहिल्यांदा चालणारा प्रोग्राम) दोन पब्लिक की ठेवा. दुसरीची प्रायव्हेट की कुठल्याच सर्व्हरवर नको, बिल्ड मशीनवर नको, तिजोरीत बंद, आणि तिचं काम एकच, पहिली की रद्द करून नवीन बसवणे. हे आज बसलेल्या डिव्हाइसला करता येत नसेल तर प्लॅनमध्ये तसं स्पष्ट लिहा की सायनिंग की गेली तर फील्ड व्हिजिट, एवढे लोक, एवढे आठवडे. तो आकडा बघून साहेब की कुठे ठेवतात याचा विचार आपोआप करतील.

प्रत्येक डिव्हाइसची ओळख वेगळी आहे का, की सगळ्यांत एकच सर्टिफिकेट? एकच असेल तर एक डिव्हाइस उघडून कोणी की काढली की सगळा ताफाच गेला आणि तुम्हाला एकाला बाहेर काढता पण येत नाही. ब्रोकरवर (एमक्यूटीटीचे मेसेज वाटणारा सर्व्हर) एसीएल (कोणाला काय वाचता-लिहिता येतं त्याची यादी) पण तपासा, डिव्हाइसला नुसतं # हे चिन्ह टाकून सगळे टॉपिक (मेसेजचे विषय) ऐकता येतात का ते बघा, बऱ्याच ठिकाणी येतात.

अपडेटबद्दल. दोन पार्टिशन (मेमरीचे भाग, एकात जुनं फर्मवेअर, एकात नवीन) ठेवायची, नवीन इमेज बूट झाली म्हणून पास नाही, तिने सर्व्हरशी बोलून दाखवलं तरच पास, नाहीतर वॉचडॉगने (डिव्हाइस अडकलं की रीस्टार्ट करणारा टायमर) जुन्यावर परत. २०१७ मध्ये लॉकस्टेट कंपनीने एका मॉडेलचं फर्मवेअर चुकून दुसऱ्या मॉडेलच्या स्मार्ट लॉकला पाठवलं, पाचशेच्या आसपास लॉक बंद पडले, आणि लॉकशी संपर्कच तुटल्यामुळे लांबून दुरुस्त पण होईनात. हल्ला नव्हताच तो. घाईत सोडलेला सिक्युरिटी पॅच हॅकरपेक्षा जास्त डिव्हाइस मारू शकतो, त्यामुळे आणीबाणीतही आधी थोडी, मग जास्त, मग सगळी, हा क्रम मोडायचा नाही. मॉडेल नंबर आणि हार्डवेअर रिव्हिजन डिव्हाइसने स्वतः तपासायचं, सर्व्हरच्या भरवशावर नाही.

एक चिमटा इथे बसतो तो आधीच सांगते. जुन्यावर परत जायची सोय ठेवली तर हल्लेखोर पण तुम्हाला जुन्या, भोक (सुरक्षेतली त्रुटी) असलेल्या व्हर्जनवर ढकलू शकतो. अँटी-रोलबॅक (जुन्यावर जायला बंदी) लावलं तर तुमचीच नवीन इमेज बिघडली की परत जाता येत नाही. आम्ही असं करतो की सिक्युरिटी काउंटर (याच्यापेक्षा जुनं चालवायचं नाही असं सांगणारा आकडा) प्रत्येक रिलीजला वाढवत नाही, फक्त खरं भोक बुजवलं तेव्हाच, आणि तोही नवीन इमेज काही दिवस नीट चालल्यावर.

---

सरळसोट

एवढं सगळं कशाला. प्रायव्हेट एपीएन (ऑपरेटरकडचं फक्त आपल्या सिमसाठीचं बंद नेटवर्क) घ्या, डिव्हाइस इंटरनेटवर दिसतच नाही, विषय संपला. पाण्याच्या टाकीला कोण हॅक करायला येतंय.

---

सिम_सांभाळ

@सरळसोट कोणी टाकीसाठी येत नाही हे मान्य, पण मिराय नावाचं मालवेअर पण कॅमेऱ्यांचं चित्र बघायला आलं नव्हतं. २०१६ मध्ये त्याने फक्त साठेक फॅक्टरी युजरनेम-पासवर्डच्या जोड्या घेऊन टेलनेटवरून (लांबून लॉगिन करायची जुनी सोय) लाखो डिव्हाइस गोळा केली आणि २१ ऑक्टोबरला डाइन (Dyn) नावाची डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता देणारी) कंपनी अशी झोडपली की मोठमोठ्या साइट काही तास उघडत नव्हत्या. त्याला फक्त तुमचा प्रोसेसर आणि तुमची लाइन हवी होती. बरं ते रॅममध्येच राहायचं, रीस्टार्ट केलं की साफ, पण पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत परत यायचं. आणि रीस्टार्टबरोबर पुरावे पण साफ. त्यामुळे प्लॅनमध्ये "डिव्हाइस रीस्टार्ट करा" ही पहिली पायरी लिहू नका, आधी लॉग बाहेर काढा.

आता प्रायव्हेट एपीएन. घ्याच, मी नको म्हणत नाही. पण दोन गोष्टी. एक, बऱ्याच प्रायव्हेट एपीएनमध्ये आतली डिव्हाइस एकमेकांशी बोलू शकतात, ऑपरेटरला सांगून ते बंद करून घ्यावं लागतं. नाहीतर कोणीतरी एक कंट्रोलर फोडायचा, सिम काढायची, आपल्या मोडेममध्ये घालायची, आणि तो तुमच्या घरात आत. सिम चोरी ही काही कल्पना नाही, जोहान्सबर्गमध्ये २०११ च्या सुमारास शेकडो ट्रॅफिक सिग्नल फोडून आतली सिम काढून नेली आणि त्यावरून फोन केले, सिग्नल बंद पडले ते वेगळंच. सिम आयएमईआयला (मोडेमचा स्वतःचा नंबर) बांधा, व्हॉइस बंद करा, आणि डेटा वापरावर अलार्म लावा. रोज थोडेसे केबी पाठवणारा सेन्सर अचानक एमबी पाठवायला लागला तर ते तुम्हाला सगळ्यात आधी सिमच्या बिलिंगवरून कळेल, कुठल्याही महागड्या टूलच्या आधी.

दुसरी गोष्ट, ऑपरेटर हा तुमचा दुसरा हात आहे आणि तो बहुतेक प्लॅनमध्ये नसतोच. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी चालत्या जीपचा ताबा लांबून घेऊन दाखवला, १४ लाख गाड्यांचा रिकॉल झाला आणि मालकांना यूएसबी ड्राइव्हवर अपडेट पाठवावं लागलं. पण ते यूएसबी पोचायच्या कितीतरी आधी मोबाइल ऑपरेटरने आपल्या नेटवर्कमध्ये हल्ला ज्या पोर्टवरून व्हायचा तो पोर्टच बंद केला, गाडीला हातही न लावता. तुमच्या ऑपरेटरकडे रात्री कोणाला फोन करायचा, तो माणूस तुम्हाला ओळखणार कसा, आणि त्याला नक्की काय करायला सांगायचं हे आत्ता ठरवा. सिम सरसकट सस्पेंड करायला सांगू नका हां, मग दुरुस्तीचा रस्ता पण तुम्हीच बंद केलात. क्वारंटाइनची पॉलिसी करून घ्या: फक्त तुमच्या अपडेट सर्व्हरचा पत्ता चालू, बाकी सगळं बंद.

---

टाकी_टेलिमेट्री

बापरे. धन्यवाद सगळ्यांना, एवढं अपेक्षित नव्हतं. काही उत्तरं: सर्व्हर दिसेना झाला की पंप शेवटची कमांड धरून बसतो, होय 😬 तो बदल आजच बोर्डावर लावला. सिलेक्टर आहे. सर्टिफिकेट नवीन बॅचमध्ये वेगवेगळं, पहिली बॅच बाहेरून बनवून घेतलेली त्यात सगळ्यांत एकच.

अजून एक. ग्राहकाला "इमर्जन्सी स्टॉप" पाहिजे, म्हणजे काही संशय आला की आमच्या पोर्टलवरून एका बटणात सगळे पंप बंद. ऐकायला बरं वाटतं पण मला कसंतरीच होतंय. तुमचं काय मत? आणि ते बटण दाबायचा अधिकार कोणाकडे?

---

स्काडा_जुना

कसंतरी होतंय ते बरोबर होतंय. हल्लेखोराला जे करायचंय ते तुम्ही एका बटणात तयार करून देताय. २०२१ मध्ये वर्काडा या कॅमेरा कंपनीचं एक सुपर ॲडमिन खातं बाहेरच्यांच्या हाती लागलं, तेवढ्यावर दीड लाखाच्या आसपास कॅमेरे उघडे. सगळ्यांवर चालणारं जे काही असतं ते सगळ्यांविरुद्ध पण चालतं.

"स्टॉप"च्या जागी "लोकल" द्या. म्हणजे बटण दाबलं की डिव्हाइस लांबच्या कमांड ऐकणं सोडतं आणि स्वतःच्या फ्लोट आणि टायमरवर चालतं. हे बटण हल्लेखोराने दाबलं तरी काय होणार? तुम्हाला दिसायचं बंद होईल आणि पाणी चालू राहील. आणि परत रिमोटवर यायची कमांड मात्र त्या पोर्टलवरून नको, वेगळ्या कीने सही केलेली, दोन माणसांची मंजुरी असलेली. शिवाय सर्व्हरलाच मर्यादा घाला की एका वेळी अमुकपेक्षा जास्त पंपांना सारखीच कमांड जाणार असेल तर दुसऱ्या माणसाने होय म्हटल्याशिवाय जायची नाही. रोजच्या कामात ही मर्यादा कधी आडवी येत नाही.

---

नाईटशिफ्ट

अधिकाराबद्दल मी सांगतो कारण रात्री दोनला फोन मलाच येतो. "मॅनेजमेंटच्या मंजुरीने" असं लिहू नका, मॅनेजमेंट झोपलेलं असतं. लिहा की ड्युटीवरचा इंजिनिअर लोकल मोड स्वतःच्या अधिकारात लावू शकतो, नंतर खोटा अलार्म निघाला तरी त्याला कोणी विचारणार नाही. हे शेवटचं वाक्य लेखी असू द्या, नाहीतर तो अर्धा तास विचारच करत बसेल. परत रिमोटवर आणायचा निर्णय मात्र दिवसा, जागे असलेल्या लोकांनी. आणि फोन नंबरची यादी कागदावर, कारण पोर्टल पडलं की पोर्टलवरची यादी पण पडते, हे सांगायला लागू नये पण लागतं.

सर्व्हर परत चालू करताना हजारो डिव्हाइस एकाच सेकंदाला जोडायला धावतात आणि सर्व्हर परत झोपतो, मग सगळ्यांना वाटतं अजून हल्ला चालूच आहे. रीकनेक्टमध्ये रँडम थांबा आणि प्रत्येक वेळी वाढत जाणारा वेळ आहे का बघा.

बाय द वे कोणीच सर्टिफिकेट एक्स्पायरीचं बोललं नाही? ६ डिसेंबर २०१८, एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं एक सर्टिफिकेट संपलं आणि ब्रिटनमध्ये ओटू, जपानमध्ये सॉफ्टबँक, कोट्यवधी लोकांचं मोबाइल नेटवर्क आडवं. लंडनच्या बस स्टॉपवरचे वेळ दाखवणारे बोर्डसुद्धा बंद पडले कारण ते पण त्याच नेटवर्कवर. हल्लेखोर शून्य. तुमच्या डिव्हाइसमध्ये रूट सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर डिव्हाइस सर्व्हरला ओळखतं ते) कुठलं आहे आणि ते कधी संपतंय ते प्लॅनमध्ये तारखेसकट लिहा. आणि आरटीसीची (आतल्या घड्याळाची) बॅटरी मेली की डिव्हाइसला वाटतं आज १९७० आहे, मग सर्व्हरचं चांगलं सर्टिफिकेट पण त्याला "अजून सुरूच झालं नाही" वाटतं आणि ते कधीच जोडत नाही. वेळ सिमच्या नेटवर्ककडून घ्यायची सोय ठेवा, आणि शेवटची माहीत असलेली तारीख फ्लॅशमध्ये, त्याच्या मागे घड्याळ जाऊ द्यायचं नाही.

---

सरळसोट

ठीक आहे, बिलिंगवरून कळतं हा मुद्दा आवडला. पण छोट्या टीमला हे सगळं जमणारे का खरंच?

---

बूटलोडर_बाई

@सरळसोट सगळं एकदम नाही जमत. पण लोकल मोड आणि रीकनेक्टचा थांबा हे फर्मवेअरमधले छोटे बदल आहेत, फोनची यादी फुकट आहे. दोन की वाला बूटलोडर पुढच्या बॅचला. पुढे युरोपात माल विकायचा असेल तर तसंही सुटका नाही, तिथल्या सायबर रेझिलियन्स ॲक्टमध्ये ११ सप्टेंबर २०२६ पासून, एखाद्या भोकाचा प्रत्यक्ष गैरफायदा घेतला जातोय हे कळल्यापासून २४ तासांत पहिली सूचना आणि ७२ तासांत सविस्तर कळवणं निर्मात्यावर बंधनकारक आहे. चोवीस तासांत काय झालंय ते सांगायचं तर आधी कुठल्या डिव्हाइसवर कुठलं व्हर्जन आणि त्यात कुठल्या लायब्ररी आहेत ही यादी तयार लागते. २०२० मध्ये ट्रेक कंपनीच्या टीसीपी/आयपी स्टॅकमध्ये (नेटवर्कवर बोलणारी लायब्ररी) १९ भोकं सापडली, रिपल२० म्हणतात त्यांना, तेव्हा कित्येक कंपन्यांना आपल्या मालात तो स्टॅक आहे की नाही हेच शोधत बसावं लागलं.

---

टाकी_टेलिमेट्री

यादी नाहीये, करतो. शेवटचा प्रश्न, ती पहिली बॅच. सगळ्यांत एकच सर्टिफिकेट, बूटलोडर बदलता येत नाही. प्रश्नावलीत लिहू का? साहेब नको म्हणणार.

---

स्काडा_जुना

लिहा. तसंच काय केलंय ते पण लिहा म्हणजे प्रश्न तिथेच थांबतो: त्या बॅचला ब्रोकरवर वेगळा कोपरा, तिथून फक्त लेव्हल वाचायची, एकट्या त्यांच्या आकड्यावर पंप चालू करायचा नाही, सिम आयएमईआयला बांधलेल्या, आणि सर्व्हिसला जो कोणी जाईल त्याने नवीन कंट्रोलर सोबत न्यायचा आणि जुना काढून आणायचा. काढलेले जुने भंगारात टाकू नका, त्यांच्यात तीच की आहे जी अजून फील्डमध्ये चालू आहे. चिपसकट नष्ट करायचे.

---

सिम_सांभाळ

आणि काढलेल्यांच्या सिम त्याच दिवशी बंद. त्या चालूच राहतात बहुतेक ठिकाणी.